पेट्रोलला सदावर्त नाही

नागपूरहून जबलपूर, रीवा, मिर्झापूर करत काशीला पोचलो तेव्हा खिशात अकराशे रुपये होते. जुनी शंभर सीसीची गाडी लिटरला साठ किलोमीटर देते. म्हणून वाटेत मी खर्च किलोमीटरमध्येच मोजत आलो. दहाचा चहा म्हणजे सहा किलोमीटर.

काशीत हा हिशेब थांबला. गाडी गोदौलियापाशी लावून गल्लीत शिरलो आणि अन्नपूर्णा मंदिराच्या अन्नक्षेत्रात पंगतीला बसलो. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. शेजारची म्हातारी वाढलेल्यातला निम्मा भात डब्यात भरत होती. मी हौसेनं कमी पैशांत राहतो. तिला कुणी विचारलेलं नव्हतं. मला वाटेल तेव्हा किक मारून निघता येतं.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं घरून निघाले. बंडात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन परतले. त्यांच्याआधी अहिल्याबाईंनी इथे विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, घाट बांधला. आपल्याकडून येणाऱ्या फाटक्या प्रवाशाची सोय अशी पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी करून ठेवली. रस्त्यावरच्या माझ्या मोकळेपणात त्यांचाही पैसा आहे.

परतीला साडेसातशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेरा लिटर. पेट्रोलला सदावर्त नाही. ते कमवावंच लागेल. निघेपर्यंत मी रोज दुपारी अन्नक्षेत्रात जातो, आधी वाढतो, मग जेवतो.