वीतभर रणगाडा आणि आठवे व्रत



दर वेळी मी इथे आयंबिलाचे पदार्थ, घरखर्चाची वही, नाहीतर चातुर्मासातले नियम याबद्दल लिहिते. आज रणगाड्याबद्दल लिहिणार आहे. हसू नका. चौसष्टाव्या वर्षी मी पुन्हा रणगाडे बनवायला लागले आहे, प्लॅस्टिकचे, वीतभर लांबीचे. आणि ते बनवताना मला माझ्या व्रतांचा जेवढा विचार करावा लागला, तेवढा पोथी वाचतानाही क्वचितच करावा लागला असेल.

माझे माहेर नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचे, पण आमच्या तोंडात नगरच बसले आहे. हे लष्कराचे गाव. रणगाड्यांच्या दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि 1994 साली रणगाड्यांचे संग्रहालयही झाले. आमच्या लहानपणी संग्रहालय नव्हते, पण गडगडाट होता. वडिलांचे किराणा दुकान कॅम्पाच्या बाजूला होते. गिऱ्हाइकांमध्ये लष्करातली कुटुंबे पुष्कळ. त्यांच्यातल्याच एका मेजरसाहेबांची बदली झाली, तेव्हा बाईंनी जाताना दादाला एक डबा दिला. एअरफिक्सचा शर्मन रणगाडा, खऱ्याच्या शहात्तरावा भाग. दादा सतरा वर्षांचा, मी बारा. तो तुकडे कापायचा, मी घासायची. गहू निवडायची सवय असल्यामुळे बारीक तुकडा हरवला की मलाच सापडायचा.

पुढे त्याने असे सात-आठ रणगाडे केले. प्रत्येकाची चाके माझ्या हातची. मग मी बी.कॉम. झाले, लग्न झाले, सासरी आले आणि ते सगळे तिथेच राहिले. त्याचे दुःख वगैरे नव्हते. संसारात हात रिकामे नव्हते, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. वहिनीने कपाट आवरताना एक न उघडलेला डबा काढून माझ्या हातात ठेवला. ‘‘हा घेऊन जा. चाकं तुमचीच असायची ना?’’ म्हणाली. डब्यावर चित्र होते सेंच्युरियन रणगाड्याचे. प्रमाण 1:35.

या प्रमाणाची गंमत सांगते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले. ते मोटरवर चालणारे होते. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढे मोठे करायचे म्हणून जो आकार आला, तो मोजला तर पस्तिसाव्या भागाच्या जवळ निघाला. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच प्रमाण उचलले. खरा सेंच्युरियन तोफ सोडून साधारण साडेसात मीटर लांब आणि पन्नासेक टन वजनाचा. पस्तिसाने भागा, एकवीस-बावीस सेंटिमीटर येतात, म्हणजे बरोबर एक वीत.

डबा घरी आणला आणि प्रश्न सुरू झाले. आमच्या ननंदबाई तेव्हा राहायला आल्या होत्या. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, तपस्वी, दोन वर्षीतप झालेल्या. त्यांनी डबा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, पाणी गाळून पिणाऱ्या घरात तोफ कशाला?’’

मी म्हटले, ‘‘ताई, खेळण्यातली आहे.’’

‘‘यशोधर राजाचा कोंबडाही पिठाचाच होता.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यशोधर राजाला आईने देवीपुढे पशुबळी द्यायला सांगितले. त्याला जिवंत प्राणी मारणे नको होते. मग आईच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी आई आणि मुलगा दोघेही पुढचे किती जन्म पशुयोनीत भटकले आणि स्वतः मारले गेले. कारण कापताना मनात ‘मी बळी देतो आहे’ हा संकल्प होता. पीठ होते की मांस, याने फरक पडला नाही.

त्यात मी बारा व्रते घेतलेली. आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे, म्हणजे गरज नसताना पाप जोडायचे नाही. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: वाईट चिंतन, प्रमाद, हिंसेची साधने दुसऱ्याला देणे आणि पापाचा उपदेश. स्वयंपाकात, धंद्यात जी हिंसा होते ती संसारासाठी असते, तिची मर्यादा करता येते. पण छंद? छंदाशिवाय संसार अडत नाही. म्हणजे तो सरळ आठव्या व्रताच्याच अंगणात येतो.

चातुर्मासात आमच्याकडे महासतीजी होत्या. त्यांना विचारले. आता हे लक्षात घ्या की साध्वी अशा कामाला ‘कर’ म्हणू शकत नाहीत, संसारातल्या कुठल्याच आरंभाला त्या अनुमोदन देत नाहीत. त्यांनी मला फक्त दोन प्रश्न विचारले. ‘‘ते बनवताना मनात काय चालतं? आणि बनल्यावर ते कोणाला देणार?’’ उत्तर मागितले नाही. मांगलिक दिले आणि मला पाठवले.

मी तो डबा चार महिने उघडला नाही. या चार महिन्यांत मी सेंच्युरियनबद्दल वाचत गेले. आणि वाचता वाचता पोहोचले अरुण खेत्रपालपर्यंत.

जन्म पुण्याचा, 1950चा. 17 पूना हॉर्स ही त्याची रेजिमेंट. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतर नदीच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट खेत्रपालचा सेंच्युरियन पेटला. बाहेर पडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे सांगून तो आतच राहिला आणि लढताना गेला. वय एकवीस. परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले. त्याच्या रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’, आणि तो नगरच्या त्या प्रशिक्षण केंद्रातच जतन करून ठेवला आहे, म्हणजे माझ्या माहेरच्या गावात.

इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असेल. मला थांबवले ते पुढच्या गोष्टीने. त्याचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल यांचे मूळ गाव फाळणीत पलीकडे राहिलेले. 2001 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, ते ब्रिगेडियर नासेर, निवृत्त पाकिस्तानी अधिकारी. घरच्यांनी पाहुण्याची मनापासून सरबराई केली. आणि निघायच्या आधी यजमानांनी सांगितले की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

मैत्रिणींनो, आपण दरवर्षी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. फोनवर एक निरोप तयार करून दोनशे जणांना पाठवतो. ज्याच्याशी खरोखर वैर आहे त्याचे नाव त्या यादीत असते का, हे ज्याचे त्याने पाहावे. तीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट मेलेल्याच्या बापाला समोर बसवून सांगणे आणि बापाने ती ऐकून घेणे, हे दोघांनाही सोपे गेले नसेल. दोघेही आयुष्यभर सैनिक. आपण ज्यांना हिंसेच्या बाजूचे समजतो, त्यांच्यातल्या दोघांनी ते केले.

मग मी डबा उघडला. माझ्या मनात काय चालणार, ते मला कळले होते.

काम कसे केले तेही सांगते, कारण खरी अहिंसा तपशिलात असते. चांगल्या ब्रशांचे केस कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. मी कृत्रिम केसांचे ब्रश घेतले. टोक लवकर फाकते, पण बारीक काम जमते. रंगकाम फक्त दिवसा. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याखाली बसले की चिलटे ओल्या रंगावर येऊन चिकटतात. त्यामुळे आपल्या चौविहारासारखेच, सूर्यास्ताला ब्रश खाली, आणि ओल्या भागावर पातेले पालथे. ब्रश धुवायला वाटीभर पाणी, पुन्हा पुन्हा नाही. दादा चिखल दाखवायला अंगणातली माती चाळून लावायचा. माती म्हणजे पृथ्वीकाय जीव, म्हणून मी तपकिरी खडू घासून त्याची पूड वापरली. फरक ओळखू येत नाही. अष्टमी, चतुर्दशी आणि पर्युषणात हात लावला नाही.

चाकांच्या जोड्या एका बाजूला सहा. प्रत्येक कड पॉलिश पेपरने घासायची. पट्ट्याच्या एका बाजूच्या कड्या शंभरएक, जपमाळेच्या मण्यांच्या जवळपास. एकेक कडी कापायची, घासायची, जोडायची. घाई केली की वाकडी बसते. त्या कड्या जोडताना दादा आठवायचा, कधी ते लाहोरचे दोन म्हातारे. कोणाला मारावे असे एकदाही मनात आले नाही, एवढे महासतीजींना सांगू शकते.

अजून एक व्रत आड आले, पाचवे, परिग्रहाचे. हा छंद करणाऱ्यांकडे न उघडलेल्या डब्यांची चळत असते. बनवतात एक आणि घेतात पाच. मी वहीत नियम लिहून ठेवला की घरात एका वेळी एकच डबा, आणि तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याची किंमतही विचारायची नाही.

शेवटचा प्रश्न तोफेचा होता. डब्यावरच्या चित्रात ती समोर रोखलेली. पण सेंच्युरियनला मागच्या बाजूला, इंजिनावर, एक पकड असते. लढाई नसताना, लांबच्या वाटेला निघाल्यावर बुरूज मागे फिरवतात आणि तोफ त्या पकडीत बांधून ठेवतात. मी माझी तोफ तशी चिकटवली. माझा रणगाडा लढत नाही, वाटेवर आहे. लाकडी पाटावर नाव लिहिले ‘फामागुस्ता’, खाली 16 डिसेंबर 1971, आणि त्याखाली लाहोर, 2001.

ननंदबाई परवा आल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तोफ मागे का, म्हणून विचारले. मी सांगितले. ‘‘चाकं सुरेख घासलीत,’’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘पण सामायिकाच्या खोलीत ठेवू नका.’’

त्यांचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असा माझा आग्रहही नाही. रणगाडा आता बाहेरच्या खोलीत, दादाच्या फोटोखाली आहे. महासतीजींचा दुसरा प्रश्न, कोणाला देणार, त्याचेही उत्तर ठरले आहे. नातू मागतो आहे. त्याला रणगाडा मिळेल, पण आधी लाहोरची गोष्ट पूर्ण ऐकून ती मला परत सांगावी लागेल.

जय जिनेंद्र.