सॅन फ्रान्सिस्कोत शोधलेलं औषध

सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलं की सगळे लाल पुलाचे फोटो मागतात. माझ्या फोनमध्ये पुलाचे 4 आणि प्रवाळांचे 80 फोटो आहेत. कारण त्या शहरात मी फिरायला नाही, तर एका आजारी जिवासाठी गेले होते.

दादा-वहिनी फ्रीमाँटला राहतात. मी आणि आई त्यांच्याकडे महिनाभर होतो. हॉलमध्ये दादाची 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात त्याचं लाडकं हॅमर कोरल. हातोडीच्या आकाराची तपकिरी-हिरवी टोकं दिवसभर डुलत असतात. फुलासारखं दिसलं तरी प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्याला पोसतं.

दादा-वहिनी 8 दिवस सिअॅटलला गेले आणि टाकी आमच्याकडे आली. ‘‘रोज साधारण 3 लिटर पाणी आटतं, तेवढं गॅरेजमधल्या ड्रममधून घाला,’’ एवढंच तो घाईत म्हणाला. आम्ही नेमाने घातलं. सातव्या दिवशी सगळी टोकं आत ओढलेली आणि कडेने पांढरा सांगाडा दिसू लागलेला! दादाला फोन करायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आईला घेऊन ट्रेनने सॅन फ्रान्सिस्को गाठलं. तिथून ट्रामने गोल्डन गेट पार्क. इथल्या कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेसची आताची इमारत 2008 साली उघडली. तिच्या छतावर चक्क टेकड्या आणि हिरवळ आहे. आत स्टाइनहार्ट मत्स्यालय. तिथली फिलिपीन्सच्या प्रवाळांची टाकी 25 फूट खोल आहे आणि तिच्यात सुमारे 8 लाख लिटर पाणी आहे. आधी वरून डोकावायचं, मग जिना उतरून तळघरातल्या भल्या मोठ्या काचेसमोर बसायचं. वरून उतरणारा प्रकाश, फांद्या फुटलेले प्रवाळ, त्यांच्यातून वळणारे माशांचे थवे. आई अर्धा तास एक शब्द बोलली नाही. (आईच्या बाबतीत हे विशेषच.)

तिथल्या एका बाईंना मी फोनमधला फोटो दाखवला. औषधाची बाटली विकत घेऊ का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, काहीही घालू नका. रंग अजून तपकिरी आहे, म्हणजे आतलं शैवाल टिकून आहे. आजार प्रवाळात शोधण्याआधी पाण्यात शोधा. गेल्या आठवड्यात काय बदललं?

बदललो होतो आम्हीच. घरी येऊन टाकीखालच्या कपाटातलं क्षारता मापक काढलं. आकडा 35 हवा होता, आला 39. गॅरेजमध्ये ड्रम दोन होते. एकात गाळलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात मीठ मिसळलेलं. आम्ही 7 दिवस दुसऱ्यातलं घातलं होतं.

‘‘अगं, आमटी आटली की आपण त्यात पाणी घालतो, मीठ घालतो का?’’ आई कपाळावर हात मारत म्हणाली. टाकीतून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं.

मग दादाला फोन केला. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘‘एकदम खाली आणू नकोस, त्यानेही मरेल.’’ रोज 4 लिटर खारं पाणी काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. नळाचं चालत नाही, त्यात क्लोरामाइन असतं. 5 दिवसांत आकडा 35 वर आला. टोकं उघडायला त्यानंतरही आठवडा लागला. एक कड उघडीच राहिली.

भारतात मात्र कठीण प्रवाळ घरी ठेवता येत नाहीत, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पाहायचे असतील तर जामनगरजवळ नरारा इथे ओहोटीला घोटाभर पाण्यातून चालत पाहता येतात.

निघायच्या दिवशी गॅरेजमध्ये गेले तर दोन्ही ड्रमवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. एकावर ‘गोडं’, दुसऱ्यावर ‘खारं - हात लावू नये’.