लढविलेल्या जागांचा रकाना

संपादकमहाशयांनी लेख मागताना दोन सूचना केल्या होत्या. विषय निवडणूक-निकालांच्या मापनाचा असावा, ही पहिली. आणि आकडे शक्य तितके कमी असावेत, कारण दिवाळी अंकाचा वाचक फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेला असतो, ही दुसरी. पहिली सूचना मला शिरोधार्य आहे. दुसरी ज्याला पाळता येईल तो गृहस्थ या विषयाचा अभ्यासक नसून वृत्तवाहिनीवरील चर्चेचा पाहुणा असावा, असे माझे प्रामाणिक मत असल्यामुळे तिचा भंग मी आरंभीच जाहीर करून टाकतो. जेथे शब्दांनी भागेल तेथे आकडा आणणार नाही, एवढेच अभिवचन देतो.

महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी २३ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली, आणि तेव्हापासून लग्नसमारंभात, बँकेच्या रांगेत, सकाळच्या फेरफटक्यात, जेथे म्हणून माझा व्यवसाय ठाऊक असलेला मनुष्य भेटतो तेथे मला एकच प्रश्न विचारला जातो. शरद पवारांच्या पक्षाला राज्यातील ११.२८ टक्के मते पडली आणि आमदार आले दहा. अजित पवारांच्या पक्षाला पडली ९.०१ टक्के आणि आमदार आले एक्केचाळीस, तर मग, "सर, यात काहीतरी काळेबेरे नाही का?" विचारणाऱ्याचे लक्ष माझ्या उत्तराकडे फारसे नसते, ते त्याच्या मनातल्या उत्तराशी जुळते की नाही, याकडेच असते.

उत्तर असे. पहिल्या पक्षाने ८६ जागा लढविल्या, दुसऱ्याने ५९. वर्तमानपत्रांत छापली जाणारी टक्केवारी संपूर्ण राज्याच्या मतांवर काढलेली असते, म्हणजे ज्या मतदारसंघांत त्या पक्षाचा उमेदवारच उभा नव्हता तेथील मतेही छेदात बसलेली असतात. म्हणून त्या टक्केवारीला २८८ ने गुणावे आणि लढविलेल्या जागांनी भागावे. मतदारसंघ लहानमोठे असल्यामुळे येणारे उत्तर अदमासाचेच राहते, परंतु दिशा सांगण्यास ते पुरेसे असते. तसे केले की शरद पवारांचा पक्ष लढलेल्या जागी सुमारे ३८ टक्क्यांवर आणि अजित पवारांचा सुमारे ४४ टक्क्यांवर दिसतो. जेथे बहुतेक लढती दोन आघाड्यांमध्ये सरळ होत्या आणि वारे सर्व प्रदेशांत एकाच दिशेने वाहत होते, तेथे चव्वेचाळीसवाला बहुतेक ठिकाणी निवडून येतो आणि अडतीसवाला बहुतेक ठिकाणी पडतो, यात नवल ते काय? काळेबेरे होते की नव्हते, याचा निवाडा न्यायालयाने करावा. या दोन आकड्यांच्या भांडणातून तो होत नाही, इतकेच माझे म्हणणे. हे त्रैराशिक शाळेत शिकविले जाते आणि निकालाच्या दिवशी सारा महाराष्ट्र ते विसरतो, याचा खेद मी आता करीत नाही. वयोमानाने तो ओसरला आहे.

मताधिक्याची गोष्ट याहून सोपी, आणि म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज अधिक चिवट. भंडारा जिल्ह्यातील साकोली मतदारसंघात काँग्रेसचे नाना पटोले यांना ९६,७९५ मते पडली आणि भाजपच्या प्रतिस्पर्ध्याला ९६,५८७, फरक २०८. "दोनशे आठ लोकांनी विचार बदलला असता तर पटोले पडले असते," असे लोक म्हणतात, आणि हिशेब दुपटीने फुगवितात. कारण एका बाजूचा मतदार दुसऱ्या बाजूस गेला की एकाचे एक मत घटते आणि दुसऱ्याचे एक वाढते, म्हणजे फरक दोनाने बदलतो. १०४ मतदार पलीकडे गेले असते तर दोघांनाही बरोबर ९६,६९१ मते पडली असती आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमान्वये चिठ्ठी काढावी लागली असती. निकाल फिरविण्यास लागला असता तो एकशेपाचवा. (समान मते पडून चिठ्ठीवर निकाल लागण्याचा प्रसंग स्थानिक निवडणुकांत येतोही, २०१७ साली मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजप यांच्या उमेदवारांमध्ये तो आला होता, आणि दैवाने भाजपचा पक्ष घेतला.) मात्र पराभूताचे घरी बसून राहिलेले समर्थक मतदानाला आले असते तर, असा प्रश्न असेल, तेव्हा १०५ पुरत नाहीत, २०९ लागतात. प्रश्न कोणता हे आधी ठरविल्यावाचून मताधिक्याचा अर्थ लावणाऱ्याशी वाद घालण्याचे मी आता सोडून दिले आहे.

पण एक प्रकरण माझा पिच्छा सोडीत नाही, आणि ते विधानसभेचे नसून त्याच वर्षीच्या लोकसभेचे आहे. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले. प्रतिस्पर्धी पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि त्याच मतपत्रिकेवर तुतारीशी साधर्म्य असलेल्या वाद्याचे चिन्ह मिळालेल्या, फारशा कोणाला परिचित नसलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली. सदतीस हजार हे बत्तीस हजारांहून अधिक, सबब जागा चिन्हाच्या घोळामुळे गेली, हा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी सर्वतोमुखी झाला. वजाबाकी चुकीची नाही, तिच्यातील गृहीतक तपासले जात नाही. निकाल फिरण्यासाठी त्या अपक्षाच्या शंभर मतांपैकी जवळजवळ एकोणनव्वद मते केवळ नजरचुकीने पडलेली असावी लागतात. एवढी असतील काय? अपक्षाला इतकी मते मिळणे अस्वाभाविक आहे हे मी मान्य करतो, त्यांतील पुष्कळशी चुकलेली असावीत असे मलाही वाटते. परंतु 'पुष्कळशी' आणि 'शंभरांत एकोणनव्वद' यांमधील अंतर कोणत्याही केंद्रनिहाय तक्त्यावरून मोजता येत नाही, कारण मतयंत्र बटण दाबल्याची नोंद ठेवते, दाबणाऱ्याच्या मनाची ठेवीत नाही. विचारणाऱ्यास "शक्य आहे, सिद्ध नाही" हे उत्तर दिले की तो माझ्याकडे कोणत्या तरी पक्षाचा मनुष्य म्हणून पाहू लागतो. कोणत्या, ते त्याच्या पक्षावर अवलंबून.

आता स्विंग. एखाद्या पक्षाच्या टक्केवारीतील वाढ आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या टक्केवारीतील घट यांची सरासरी, ही त्याची डेव्हिड बटलर या ब्रिटिश अभ्यासकाने रूढ केलेली व्याख्या. आणि १९५० च्या दशकात बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ती काट्याने दाखविली जाऊ लागल्यापासून जगभर पसरलेली. ती द्विपक्षीय देशासाठी घडविलेली आहे, हे तिचे मर्म आहे. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडी यांच्या मतांमध्ये एका टक्क्याचाही फरक नव्हता, दोघीही ४३-४४ च्या घरात. जागा मात्र १७ आणि ३०. पाच-साडेपाच महिन्यांनी महायुतीचे तीन प्रमुख पक्ष ४८ टक्क्यांवर गेले, आघाडीचे तीन प्रमुख पक्ष ३४ टक्क्यांपर्यंत खाली आले. बटलरची रीत लावली तर स्विंग साडेसात टक्क्यांचा भरतो, आणि "शंभरांतील साडेसात माणसे इकडून तिकडे गेली" असे मथळे छापले जातात.

परंतु एक बाजू पाचने वाढली आणि दुसरी दहाने घटली, तर मधले पाच गेले कोठे? विधानसभेला ४,१३६ उमेदवार होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे २,०८६, अपक्ष होते. बंडखोरांचे पीक मुबलक होते. शिवाय मतदान लोकसभेच्या ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेले, मतदारयादीही वाढली, आणि त्या वाढीवरून झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेलच. म्हणजे दोन निवडणुकांतील मतदार ही एकच मंडळी नव्हेत. साताऱ्याहून चाळीस उतारूंनिशी निघालेली एसटी कराडला बेचाळीस उतारूंनिशी पोहोचली, तर वाटेत दोघेच चढले असे कोणताही वाहक म्हणणार नाही. स्विंग ही निव्वळ बाकी आहे. तिच्या पोटात किती जमा आणि किती खर्च दडले आहेत, हे तिच्याकडे पाहून कळत नाही, आणि कळते असा आविर्भाव आणणाऱ्यांची आमच्या क्षेत्रात वाण नाही.

आणि आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येतो. ज्यांना शेव-चिवडा वाढून घ्यायचा असेल त्यांनी येथे उठावे. शिवसेना आणि राष्ट्रवादी दुभंगल्यानंतर २०१९ च्या मतांचा वारसा कोणाच्या नावे दाखल करायचा? एक पंथ चिन्हवाद्यांचा: निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण ज्यांना दिला, २०१९ ची १६.४१ टक्के मते त्यांची. या रीतीने शिंदे यांची शिवसेना १२.३८ वर येऊन चार टक्क्यांनी 'घसरली' आणि ५७ आमदार मिळवून बसली, तर ठाकरे यांचा पक्ष शून्यावरून ९.९६ वर 'उसळला' आणि त्याचे वीसच आमदार आले. ही रीत उपहासापुरतीच ठीक. दुसरा पंथ आमदारवाद्यांचा: आमदार ज्या गटात गेला त्या गटाला त्या मतदारसंघातील जुनी मते द्यावीत, जणू मतदार ही आमदाराची वतनी जमीन आहे. तिसरा पंथ सांगतो, दोन्ही तुकड्यांची बेरीज करून पाहा. बेरीज केली; २२.३४ आली. फूट पडून पक्ष सहा टक्क्यांनी वाढला! कारण पुन्हा तेच. अखंड शिवसेनेने २०१९ मध्ये सव्वाशेच्या आसपास जागा लढविल्या होत्या. दोन तुकड्यांनी मिळून ८१ अधिक ९५, म्हणजे १७६ लढविल्या.

भाजपची कथाही याच जातीची. २०१४ मध्ये स्वबळावर २६० जागा लढवून २७.८१ टक्के, २०१९ मध्ये युतीत १६४ लढवून २५.७५. म्हटले तर दोन टक्क्यांची घसरण; लढविलेल्या जागांवर काढले तर ३१ वरून ४५ वर उड्डाण. मला विचाराल तर घसरण जितकी खोटी तितकेच उड्डाणही खोटे, कारण २०१९ च्या त्या ४५ मध्ये शिवसेनेची मते मिसळलेली आहेत आणि ती वेगळी काढण्याची चाळणी कोणाजवळ नाही.

माझा सिद्धांत असा, की ज्या मतदारसंघात दोन्ही निवडणुकांत त्याच दोन बाजू पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर लढल्या, तेथेच स्विंग मोजावा. अन्यत्र रकान्यात आडवी रेघ मारावी. मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. तेथील पहिला आणि दुसरा, दोघेही दोन्ही आघाड्यांच्या बाहेरचे. त्या जागेला राज्याचा साडेसात टक्के स्विंग लावणे म्हणजे काय? यावर माझे तरुण सहकारी म्हणतात, की तुमच्या निकषाने अर्धा तक्ता आडव्या रेघांनी भरेल आणि २००९ पूर्वीचा तर सगळाच, कारण त्या निवडणुकीपासून मतदारसंघांच्या सीमाच बदलल्या. त्यांचे म्हणणे निराधार नाही. रेघांनी भरलेला तक्ता कोणी छापत नाही, आणि कोणीच छापत नसलेले शास्त्र काटेकोर ठेवून मी नक्की कोणाची सेवा करीत आहे, हा विचार अलीकडे रात्री-अपरात्री मनात येऊन जातो. तरीही रेघ ती रेघ.

या साऱ्या गुंत्यात फुटीचे मोल ज्या एका मापाने खरोखर कळते ते १९८० च्या दशकात बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी भारतासाठी वापरलेले विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक होय: विरोधी मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के, एवढेच त्यात पाहायचे. त्यामागील तत्त्व समजण्यास १९९९ चा महाराष्ट्र पाहावा. काँग्रेसला २७.२० टक्के, नव्या राष्ट्रवादीला २२.६०, दोघांची बेरीज जवळजवळ निम्मा महाराष्ट्र. शिवसेना-भाजप युतीला ३२ टक्क्यांहूनही किंचित कमी. जागा? निम्म्या महाराष्ट्राला १३३, बत्तीस टक्क्यांना १२५. निकालानंतर दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन त्यांनी सरकार बनविले, तेव्हा मतदारांनी जे वेगळे दिले ते नेत्यांनी एक केले. फुटीऐवजी दोन आघाड्यांची सरळ लढत असली तरी मते आणि जागा यांची सांगड सोपी नसते. घननियमाने, म्हणजे मतांच्या गुणोत्तराचा घन तेच जागांचे गुणोत्तर या ब्रिटनमधून आलेल्या जुन्या आडाख्याने, २०२४ मध्ये दोन आघाड्यांच्या प्रमुख पक्षांनी जिंकलेल्या २७६ जागांपैकी महायुतीच्या पक्षांना सुमारे २०५ मिळायला हव्या होत्या, मिळाल्या २३०. आडाखा कमी पडला, कारण तो बांधणाऱ्यांनी महाराष्ट्रातील बंडखोर पाहिले नव्हते.

संपादकांनी दिलेली शब्दमर्यादा संपत आली आहे, म्हणून वर्तमानपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या चालकांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या निकालाच्या दिवशी पक्ष, मतांची टक्केवारी आणि जिंकलेल्या जागा असे तीन रकाने छापाल तेव्हा त्यांच्या शेजारी चौथा, लढविलेल्या जागांचा, रकाना अवश्य छापावा. निवडणूक आयोगाच्या दप्तरात तो आकडा उपलब्ध असतो, त्याला जागा तीन अंकांहून अधिक लागत नाही, आणि सकाळच्या फेरफटक्यात मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे त्याने मिटतील.