होकाराची किंमत

लहानपणी वसईला पापनिवेदनाच्या रांगेत आई मला पुढच्यापासून दोन पावले मागे उभी करी. “दुसऱ्याचे कानी पडू नये,” ती म्हणे. त्या दोन पावलांचा अर्थ मला फार उशिरा, सातासमुद्रापार कळला.

२०११ साली मी न्यू जर्सीतील लहान दवाखान्यांना संगणकीय वैद्यकीय नोंदींचे नियम पाळण्यास साहाय्य करीत असे. २००९ च्या कायद्याने अशा नोंदींसाठी अनुदान दिले होते. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेतून एका डॉक्टरला पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत मिळू शकत; नियम न पाळणाऱ्यांच्या देयकांत २०१५ पासून कपात व्हायची होती. पहिल्या टप्प्यात १५ अटी अनिवार्य होत्या. आणखी १० पैकी ५ निवडायच्या. १३ वर्षे व त्यावरील निम्म्याहून अधिक रुग्णांच्या धूम्रपानाची नोंद हवी, अशी ती यादी. बहुतेक अटी मोजता येत. काही मात्र मोजता येत नसत, त्यांतलीच एक: रुग्णांची माहिती कोठून बाहेर फुटू शकेल, याची तपासणी. तेथे केवळ ‘होय’ लिहायचे होते.

एका वयस्क डॉक्टरांच्या दवाखान्यात सर्व आकडे जुळले होते. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. नोंदींचा ९० दिवसांचा काळ ३१ डिसेंबरला संपत होता. तपासणी तेवढी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, “नव्या वर्षात करू. तूर्त ‘होय’ लिहा.” मीही मान डोलावली. माझे मानधन त्याच होकारावर अवलंबून होते.

निघताना स्वागतकक्षातील बाईंनी मला हळूच विचारले, “मीही येथलीच रुग्ण आहे. माझी फाइल इथे कोणी उघडू शकते का?”

“छे!” मी म्हणालो. तेवढ्यात पडद्याखाली चिकटवलेल्या चिठ्ठीकडे माझी नजर गेली. साऱ्या दवाखान्याचा एकच पासवर्ड तीवर लिहिलेला होता. डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेले त्या बाईंचे दुःख शेजारच्या खुर्चीवरून कोणालाही वाचता आले असते. अर्जातले असत्य अजून लिहायचे होते. माणसाशी मात्र ते मी बोलून चुकलो होतो.

मी परत आत गेलो आणि डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी कोट काढून ठेवला. उरलेले दिवस आम्ही खपलो. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड दिला, ज्याला कामापुरते हवे तेवढेच दिसेल अशी व्यवस्था केली, कोणी कोणती फाइल केव्हा उघडली याची नोंद सुरू केली. डॉक्टर घरी नेत त्या लॅपटॉपवरील माहितीलाही कुलूप घातले. त्यानंतर लिहिलेला ‘होय’ खरा होता.

भारतातही २०२१ पासून १४ अंकी आभा क्रमांकाशी आरोग्यनोंदी जोडल्या जात आहेत. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली रुग्णालयांत, दवाखान्यांत सेवा करतात. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होकाराविषयी दिलेली शिकवण त्यांच्या मेजावरही लागू आहे. नियम सरकारचा असेल. पण ती दोन पावले मागे उभे राहणे आपले आहे.