शेणी

कोल्हापुरात मरायला पैसे लागत नाहीत, असं आमच्याकडं अर्धं गमतीनं आणि अर्धं अभिमानानं म्हणतात. महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात. लाकूड पालिकेचं, शेणी म्हणजे गोवऱ्याही पालिकेच्याच. त्यातल्या कितीतरी शेणी होळीच्या दिवसांत लोकच ट्रॉल्या भरून आणून देतात, हे मात्र बाहेरच्यांना पटकन खरं वाटत नाही. होळीसाठी गोळा केलेल्या शेणी पोरं स्मशानात नेऊन देतात म्हणजे काय, असं पुण्याच्या एका पाहुण्यानं मला तोंड वाकडं करून विचारलं होतं. मी त्याला आधी जेवून घ्यायला सांगितलं. सांगायला वेळ लागणार होता.

शेणीशी माझी ओळख गोठ्यात झाली. शुक्रवार पेठेत माझ्या आत्याकडं म्हशी होत्या. संध्याकाळी त्यातल्या एक-दोन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायच्या. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, ही कोल्हापूरची जुनी रीत. मला दूध काढायला कुणी बसवत नसे. माझ्या वाट्याला शेण. सकाळचं ताजं शेण, त्यात मूठ-मूठ भुसकट, चांगलं कालवायचं आणि परसातल्या भिंतीवर थापायचं. आत्याची शेणी एकसारखी जाड, गोल, भिंतीवरनं काढताना कधी मोडायची नाही. माझी वाळली की मधोमध चिरायची. "कडंला दाब गं, मधी न्हवं," आत्या दुसऱ्या टोकाकडनं ओरडायची, मान वर न करता.

वाळलेल्या शेणी पावसाआधी रचून ठेवायच्या आणि वरनं पुन्हा शेणानंच लिंपायच्या. बंबात शेणी, चुलीत शेणी, राखेनं भांडी, उरलेली राख उकिरड्यावर आणि तिथनं वडणग्याच्या शेतात. टाकून द्यायचं म्हणून त्या घरात काही शिल्लकच राहत नसे. त्याला तेव्हा कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर आत्यानं विचारलं असतं, कितवं वेत?

होळी जवळ आली की टिमक्या वाजायला लागायच्या आणि पेठेतली पोरं शेणी चोरायला यायची. चोरीच्या शेणीनं होळी चांगली पेटते, असा त्यांचा शास्त्रार्थ होता. आत्यानं एकदा गल्ली डोक्यावर घेतली. पुढच्या वर्षी मात्र तिनं दाराशीच एक वेगळी रास लावली आणि पोरांना बोलावून सांगितलं, "ही तुमची. मागच्या भितीला हात लावलासा तर तंगडं मोडीन." पोरं खट्टू झाली, कारण चोरीतली मजा गेली. पण मागच्या भिंतीला कुणी हात लावला नाही. ती रास पुढं माझ्या फार कामाला आली.

मग म्हशी गेल्या. आत्या थकली, गॅस आला, बंबाच्या जागी गीझर बसला, पेठेत माणसांनाच जागा पुरेना. ज्यांनी गोठे ठेवले त्यांना शेणी लावायला माणूस मिळेनासा झाला, आणि शेण पाण्याच्या नळीनं धुऊन गटारात जायला लागलं. गटार नाल्याला, नाला नदीला. कात्यायनीच्या बाजूनं येणारी जयंती ही छोटी नदीच आहे, पण शहर पार करून पंचगंगेपर्यंत पोचताना तिची जी दशा होते ती बघून तिला कुणी नदी म्हणत नाही. वर प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती एकत्र येतात. तिथनं नदी लगेच आमच्या दारात येते आणि आमचं सगळं पोटात घेऊन इचलकरंजीकडं, नृसिंहवाडीच्या संगमाकडं जाते.

मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि एका रविवारी रंकाळ्यावर जलपर्णी ओढणाऱ्यांत जाऊन उभी राहिले. तिथं जमलेली मंडळी अजून टिकून आहेत. एसटीतनं निवृत्त झालेले एक कंडक्टर, गुजरीतले एक कारागीर, शिवणकाम करणाऱ्या दोघी जावा, आणि दरवर्षी बदलणारी कॉलेजची पोरं. आम्हाला नाव नाही आणि पावतीपुस्तक नाही, त्यामुळं भांडणंही बेतानंच. नावं असलेल्या समित्यांची सोय कायद्यानं केलेलीच आहे. १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरण आलं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोकांकडनं झाडापाखरांची नोंदवही करून घ्यायला सांगितलं. कायदे चांगले आहेत. पण समितीत नाव यावं म्हणून वर्षभर खटपट करणारी काही माणसं मला माहीत आहेत, आणि विसर्जनादिवशी घाटावर ती मी एकदाही पाहिलेली नाहीत.

आमची खरी परीक्षा गणपतीतच व्हायची. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं विसर्जित मूर्ती दान मागायची मोहीम महाराष्ट्रभर नेली होती. निसर्गमित्र, विज्ञान प्रबोधिनी यांसारख्या कोल्हापुरातल्या संस्थांनी नदी आणि सण यांची सांगड घालायचं काम आमच्या कितीतरी आधीपासून चालवलं होतं. आम्ही त्यांच्या मागनं गेलेलो. प्लॅस्टर लवकर विरघळत नाही, रंगात घातक धातू असतात, हे पत्रक वाटत आम्ही पायऱ्यांवर उभे राहायचो. लोक पत्रक घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि मूर्ती घेऊन सरळ पाण्यात उतरायचे. देवाला निरोप द्यायला आलेल्या माणसाला 'नको' म्हटलेलं ऐकूच येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२० मध्ये ती आणखी कडक करून प्लॅस्टरवर बंदी घातली. पण घाटावर फरक दिसला तो काहिलीमुळं.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती अवाढव्य उथळ कढई. गुळाच्या या गावात तिची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पाणी भरलेल्या काहिली विसर्जनाच्या वाटेवर ठेवल्या आणि बाजूला निर्माल्याची ट्रॉली उभी केली, तसे निम्मे वाद मिटले. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. "हे नदीचं पाणी न्हवं," ते म्हणाले. आमच्या कंडक्टरकाकांनी शपथेवर सांगितलं की सकाळी पंचगंगेतनंच भरलंय. आजोबांनी ओंजळीत घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "व्हय, वास तिचाच हाय." मूर्ती तीनदा बुडवून त्यांनी आमच्या हातात दिली. त्या दिवशी आम्ही किती मूर्ती जमवल्या ते विसरले. ते वाक्य विसरता येत नाही. जमलेल्या मूर्ती रात्री इराणी खणीकडं जायच्या.

आत्याची रास मला तेव्हा आठवली. होळीत आम्ही तीच लावली. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही मोहीम होतीच. कोल्हापुरानं पोळीला शेणीची जोड दिली. होळी करू नका असं आम्ही कधीच म्हटलं नाही. पाच शेणींची होळी करा, नारळ घाला, बोंब मारा, आणि उरलेल्या शेणी चौकात उभ्या असलेल्या ट्रॉलीत टाका. तालमीच्या पोरांना यात चढाओढ सापडली. आपल्या मंडळाची ट्रॉली पलीकडच्या मंडळापेक्षा उंच भरली पाहिजे, एवढं त्यांना पुरलं. पर्यावरणाबद्दल त्यातल्या किती जणांना काय वाटलं हे मी विचारायला गेले नाही.

ट्रॉलीबरोबर पहिल्यांदा स्मशानभूमीत गेले तेव्हा बायकांनी तिथं जायचं नाही म्हणून घरात थोडी कुरकुर झाली. तिथल्या कर्मचाऱ्यानं माझ्याकडं न बघता शेणीकडं बघितलं. एक उचलली, बोटानं टिचकी मारली, कानाशी धरली. वाळलेली खणखणते, ओली दबका आवाज करते. ओल्या बाजूला काढल्या आणि म्हणाला, "बाई, उन्हात टाकून मग आणा. हितं धुरानं लोकांचं डोळं जात्यात." त्याच्यासमोर माझी विज्ञानाची पदवी काही कामाची नव्हती. लाकडाच्या भोवती शेणी कशा लावायच्या, वारा कुठल्या अंगानं घ्यायचा, पावसाळी हवेत किती जास्त लागतात, हे त्याच्याकडनं शिकले.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ती जागाच पाण्याखाली गेली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर चढलं. त्या दोन पुरांच्या मधे कोरोना. तेव्हा शेणी कमी पडू लागल्याची बातमी फुटली आणि तालमी, मंडळं, आसपासची गावं शेणी घेऊन आली. नाव लिहून घ्यायला कुणी नव्हतं, तरी गाड्या येत होत्या.

आत्या त्याच्या आधी गेली. तिच्याभोवती रचलेल्या शेणी कुठल्या तरी गल्लीतल्या पोरांनी दिलेल्या होत्या. रक्षाविसर्जनाला प्रश्न आला. नदीत राख सोडू नये, कुंडात ठेवावी, शेतात किंवा झाडाच्या मुळाशी घालावी, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलेली. घरात मात्र चुलतभावांपुढं बोलायचं धाडस होईना. शेवटी थोरला भाऊच म्हणाला, "आईनं राख जन्मभर शेतातच टाकली की." वडणग्याच्या उसात ती गेली.

एवढं करून नदी स्वच्छ झाली का? नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारोंना लागण झाली, माणसं दगावली. माझी बहीण तिथं राहते. त्या उन्हाळ्यात तिच्याशी फोनवर बोलताना काहिलीची गोष्ट सांगायची मला लाज वाटायची. पंचगंगेसाठी उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मैलापाणी शुद्ध करायची केंद्रं कसबा बावड्यात आणि दुधाळीला उभी राहिली, तरी केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत, देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांत, पंचगंगा होतीच. नाले, कारखाने, साखरेची मळी, कापडाचा रंग यांना दाराशी रास लावून भागत नाही. तिथं दंड लागतो, पंप लागतो, रात्री व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला पकडणारा माणूस लागतो. ते काम ज्यांचं आहे त्यांनी आमच्या काहिलींसोबत फोटो काढून घेतले की मला राग येतो, आणि मी तो फोटोत दिसू देते.

शेणीबद्दलही मी आंधळी नाही. तिचा धूर निरोगी नव्हे. शेणाची खरी जागा रानात, आणि जळलेलं शेण रानाला मिळत नाही. पण एका चितेचं लाकूड कमी होतं, हेही खरं. मी शाळेत मुलांना दोन्ही बाजू सांगते आणि मग ट्रॉली कितीला निघणार ते फळ्यावर लिहिते.

आता अडचण वेगळीच आहे. पेठेत म्हशी नाहीत, मग शेणी कुठनं आणायची? मंडळं गावाकडनं विकत घेतात. गेल्या होळीला एका मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. पोरगा माझ्याच वर्गातला, आता मोटारींचं दुकान आहे.

"बाई, शेणीचं पैसे ऑनलाइन पाठवलं तर चालतंय काय?"

"न्हाय चालत."

"का वो? तुम्हीच घ्या की हव्या तेवढ्या."

"उतरवणार कोण? सहाला ट्रॉली येतीय. चारजण पाठव, आणि तूबी ये. येताना ती पांढरी पँट घालू नकोस."

"बाई, दुकान..."

"दुकान नवाला उघडतंय. मला म्हाईत हाय."