फटफटीवर हिवरे बाजार



पपईचे फोटो सोडून बरेच दिवस काही टाकलं नाही. आज जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं मोटरसायकलवर शहाद्याहून हिवरे बाजारला जाऊन आलो. जाऊन-येऊन सातशेच्या आसपास किलोमीटर. चौघंही पन्नाशीच्या पुढचे. घरच्यांनी वेड्यात काढलं. एसटी आहे, भाड्याची गाडी आहे, मग हे कशाला? पण नानाचं म्हणणं होतं, काच लावून गेलं की रस्त्यातली पिकं दिसत नाहीत. गाडी तीन: एकीवर नाना आणि आबा, दुसरीवर मी, तिसरीवर बापू.

बापू माझा बांधशेजारी. आणि आम्ही दोघं चौदा महिने बोलत नव्हतो. त्याने माझ्या बांधापासून चाळीस फुटांवर ४५० फूट बोअर मारला. त्या उन्हाळ्यात माझा २५० फुटांचा जुना बोअर बसला. मी रागाने दुसरा मारला, ५०० फूट. सव्वा लाख गेले. मग त्याचं पाणी कमी झालं. तो म्हणे तू नेलं, मी म्हणे तू नेलं. दोघं यायला तयार झालो ते नानाच्या शब्दाखातर, आणि वेगवेगळ्या गाड्या आहेत म्हणून.

पहाटे पाचला निघालो. सारंगखेड्याच्या तापीच्या पुलावर बोटं बधिर झाली. दत्त जयंतीच्या यात्रेचे दिवस, समोरून घोड्यांचे ट्रक येत होते. खाली बॅरेजचं पाणी पसरलेलं. एवढं पाणी उशाशी आणि आम्ही जमिनीत ५०० फूट खाली शोधतोय, हा विचार तिथेच आला. दोंडाईच्याला चहा, धुळ्याला पोहे, मग आग्रा रोड. मालेगावच्या अलीकडे माझ्या गाडीचा आवाज बदलला आणि ती बंदच पडली. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनचं काम आहे, पार्ट उद्या येईल.

आता कसं? नानाच्या मागे आबा. राहिली बापूची गाडी. बापू काही बोलला नाही, पुढे सरकून बसला. मी मागे बसलो.

मनमाडपर्यंत एक शब्द नाही. येवल्याच्या पुढे कांद्याची लागण चालू होती, बायका ओळीने वाकलेल्या. बापू एकदम म्हणाला, "पातीला पीळ पडलाय बघ." मी म्हटलं, "थ्रिप्स असेल." एवढंच. पण त्यानंतर कोपरगावला गोदावरी ओलांडली, उसाच्या बैलगाड्या लागल्या, तोवर आम्ही बियाण्याच्या भावापर्यंत आलो होतो. मुक्काम शिर्डीला केला. दुसऱ्या दिवशी राहुरीला कृषी विद्यापीठाच्या गेटसमोर चहा घेतला आणि नगर ओलांडून हिवऱ्याला पोहोचलो.

हिवरे बाजार तुम्ही ऐकून आहात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्याआधी दुष्काळाने लोक गाव सोडून जात होते. डोंगरावर चर खोदले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली. हे सगळं आपण भाषणात ऐकतो. मला बघायचा होता तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस संपला की यंदा किती पडला, किती मुरला, याचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला, उरलं त्यावर रब्बीत काय आणि किती पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर मारायला बंदी. ऊस, केळी बंद. आणि तिथे पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो.

परत येताना राहुरीच्या पुढे धाब्यावर जेवायला थांबलो. तिथे बापूने बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. तो तुमच्यासाठी देतो, आपापल्या आकड्यांनी करून बघा:

एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ हजार लिटर. ६०० मिलिमीटर धरला तर २४ लाख लिटर. त्यातलं बरंच वाहून जातं, उडून जातं. दहा टक्के खोल मुरलं असं धरू, तर २ लाख ४० हजार.

आता केळी. पाच बाय पाचवर एकरी १७५० झाडं. उन्हाळ्यात झाडाला रोज १८ लिटर धरले तर ३१ हजार ५०० लिटर. चार महिन्यांचे जवळपास ३८ लाख लिटर.

बापू कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "भाऊ, तुझं पाणी मी नाही नेलं. आपण दोघांनी मिळून तिसऱ्याचंच नेतोय." माझ्या पपईचा हिशोब मी केला नाही. करायची गरज नव्हती.

मालेगावला माझी गाडी तयार होती. मी चावी खिशात घेतली, पण धुळ्यापर्यंत आबाला ती चालवायला दिली आणि बापूच्याच मागे बसलो.

आता खरं सांगतो. आम्ही काही हिवरे बाजार झालो नाही. त्यांची जमीन कातळाची, आपली तापीच्या गाळाची, सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. आमच्या गावात ताळेबंदाचा विषय काढला तर लोक हसले. केळी बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, त्याच पैशांवर पोरीचं लग्न झालंय.

दोघांपुरतं तीन गोष्टी केल्या. एक, दोघांच्या मोटारी एकाच वेळी चालवत नाही, दिवस वाटून घेतलेत. बोअर जवळजवळ असले की दोन्हींचा उपसा एकमेकांची पातळी ओढतो. दोन, माझ्या बसलेल्या बोअरमध्ये मोटार नाही, तर दर अमावस्येला दोरीला नट बांधून सोडतो आणि किती फुटावर ओली होते ते वहीत लिहितो. डिसेंबरात १३८ फूट होती, मे महिन्यात १७१. तीन, बापूने एक एकर केळी कमी करून तिथे हरभरा घेतला. दोन पाण्यात निघाला.

पाणी वाढलं असं मी म्हणणार नाही. एका वर्षात ते कळत नाही. पण अमावस्येला दोरी धरायला बापू येतो, आणि आकडा दोघांच्या वहीत एकच असतो.

तुमच्या शिवारात कुणाचा बंद बोअर असेल तर बुजवू नका, झाकण लावा आणि दोरी सोडून बघा. किती फुटावर ओली झाली, गावाच्या नावासकट लिहा. पुढच्या डिसेंबरात परत निघायचं आहे, कुठे जायचं तेही सुचवा.