भूल देण्याचे ऑनलाइन धडे

2020च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्ही अंबाजोगाईचं हॉस्टेल सोडून घरी आलो. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होतो. गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. घरात रेंज येत नसे, म्हणून ऑनलाइन तास असला की शेतातल्या लिंबाखाली जाऊन बसायचं.

भूलशास्त्राची गोडी मला तिथंच लागली. एमबीबीएसमध्ये या विषयाच्या वाट्याला थोडेच दिवस येतात, आणि थिएटरात आम्हा मुलांचं लक्ष सर्जनच्या हाताकडं. ऑनलाइन व्याख्यानात मात्र समोर नुसता मॉनिटर. एका मॅडमनी कॅप्नोग्राफचा आलेख दाखवला. पेशंटनं श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा उमटायचा, आकडा 35 ते 45च्या दरम्यान. पुढच्या आलेखात मात्र श्वासाची नळी घातल्यावर तो उंचवटा दिसलाच नाही, रेघ सपाट. ‘‘आता आधी काय बघाल?’’ मॅडमनी विचारलं. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेलेली असू शकते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन उतरलेला दिसायला वेळ लागतो, हा आलेख त्याच्या कितीतरी आधी सांगतो. ती सपाट रेघ मी विसरलेलो नाही.

सिझेरियनसाठी कमरेतून भूल दिली की रक्तदाब का पडतो, बाईला डावीकडं का कलतं करतात, हेही मोबाईलवरच उमगलं. ते मनाला भिडायला कारण होतं. माझी चुलती अडली तेव्हा भूल द्यायला डॉक्टर नव्हते म्हणून एका दवाखान्यानं तिला रात्रीच पुढं पाठवलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या बायकांच्या आमच्या जिल्ह्यात असा एकेक तास फार मोलाचा असतो.

पण हाताचं काम हातानंच शिकावं लागतं. कॉलेज सुरू झाल्यावर थिएटरात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडावर मास्क धरला. अंगठा आणि तर्जनीनं मास्क दाबायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा उचलायचा, हे व्हिडिओत पुन्हा पुन्हा पाहिलेलं. आजोबांना दात नव्हते, गाल आत गेलेले. हवा कडेनं निसटत होती, पिशवी दाबूनही छाती हलेना. सरांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली, जबडा आणखी वर ओढला, आणि छाती वर आली.

पुढं हाच विषय घ्यायचं मी ठरवलं आहे. खेड्यातल्या मुलांसाठी ऑनलाइन तास चालूच राहावेत, कमी रेंजमध्ये उतरवता येतील असे. पण त्याच्या जोडीला मॅनिकिनवरचा सराव आणि थिएटरात शिकवणाऱ्याचा हात प्रत्येकाला मिळालाच पाहिजे.